तेविसावी नळी

बाई हुशार होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून कुणीही म्हणेल, एवढं साधं हिला कळू नये? पंधरा वर्षं ती शहराची हवा मोजत होती. प्रयोगशाळेच्या छपरावर हिरव्या, पिवळ्या आणि लाल दिव्यांचा भलामोठा फलक होता, तो तिनेच भांडून-तंडून बसवून घेतलेला. रस्त्यावरची हवा बिघडली की फलक लाल व्हायचा, आणि फलक लाल झाला की आसपासच्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. "बाईंचा लाल लागला गं," अशी हाक या गच्चीवरून त्या गच्चीवर जायची. बाईला ते ऐकायला भारी आवडायचं. का नाही आवडणार?

फक्त तिच्या स्वतःच्या घरात तिची विद्या चालत नव्हती. तिला नऊ वर्षांची एक लेक होती. पायाला भिंगरी लावल्यासारखी दिवसभर फिरायची, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. ती भिंगरी आता जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसकण मारत होती. दम्याचा पंप पूर्वी महिन्यातून एखादवेळी लागायचा, या वर्षी तो रोज लागू लागला. नवरा नोकरीसाठी परगावी, घरात सासूबाई आणि या दोघी. बाईने काय करायचं बाकी ठेवलं होतं? लेकीच्या खोलीतल्या खिडकीच्या फटींवर चिकटपट्टी मारली. भिंतीतला हवा बाहेर फेकणारा पंखा काढून त्या भोकावर पुठ्ठा ठोकला. रोज संध्याकाळी सहाला नातीला वाफ द्यायचं काम सासूबाईंनी अंगावर घेतलं होतं. तरी पोरगी खालावतच चालली होती, आणि डॉक्टरांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, सोमवारपर्यंत उतार पडला नाही तर दाखल करावं लागेल. आज शुक्रवार होता. बाईचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

त्या शुक्रवारी पाचच्या सुमारास ती प्रयोगशाळेत शिरली तेव्हा लांब टेबलावर काचेच्या चाळीस नळ्या ओळीने उभ्या होत्या आणि मागे काका उभे होते. काका म्हणजे तिथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. निवृत्तीला आठ महिने राहिलेले. नव्या यंत्रांवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता, म्हणून पोरं त्यांना मागून नळीवाले म्हणायची, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"काका, हे काय मांडून ठेवलंय?"

"नळ्या. आपल्या चाळीस घरांत प्रत्येक डब्यामागे एकेक लपवून टांगली होती. दोन आठवडे."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात," काका शांतपणे म्हणाले.

खरं होतं ते. चाळीस घरांच्या आतली हवा मोजायचं बाईचं काम चालू होतं, आणि त्यासाठी घराघरांत, मूल असेल तिथे मुलाच्याच खोलीत, हवा मोजणारे विजेचे डबे ठेवले होते; दर आठवड्याला काका सगळ्या घरी जाऊन ते पुसायचे, अदलाबदल करायचे. कुठला डबा कुणाच्या घरात, हे बाईला कळता कामा नये, असा तिचाच कडक नियम. घर ओळखीचं निघालं की मोजणाऱ्याची नजर वाकडी होते, असं ती म्हणायची. म्हणून घरांना नुसते क्रमांक दिलेले, आणि नावांची वही काकांच्या कपाटात कुलूपबंद. चाळिसांत एक घर बाईचं स्वतःचंही होतं. "तुलनेला एक चांगलं घर हवंच की," असं म्हणून तिने ते आपणहून दिलं होतं.

डब्यांची एक खोड होती. वाफ लागली की त्यांचं डोकं फिरायचं आणि ते वाट्टेल तो आकडा दाखवायचे. पहिल्याच महिन्यात बाई या प्रकाराला इतकी वैतागली की तिने संगणकात एक चाळणी लिहून टाकली. रस्त्यावरच्या हवेच्या पाचपट आकडा आला की तो यंत्राचा वेडेपणा समजायचा आणि पुसून टाकायचा. प्रयोगशाळेत त्या चाळणीला सगळे बाईंचा झाडू म्हणत. झाडू फिरला की आलेख कसे गुळगुळीत व्हायचे.

"नळीला वीज लागत नाही आणि वाफेने तिचं डोकंही फिरत नाही," काका हातमोजे चढवत म्हणाले. "जळणाचा वायू आत शिरला की जाळीला चिकटतो. वर हे औषधाचं पाणी सोडायचं. वायू जितका जास्त, तितका रंग गडद. बघा तुम्ही."

त्यांनी एकेका नळीत थेंब थेंब औषध सोडायला सुरुवात केली. पहिली नळी फिकट गुलाबी झाली. दुसरी तशीच. पाचवी थोडी गडद, अकरावी त्याहून गडद. बाई रागावलेली होती तरी वाकून बघू लागली. शेवटी रक्तातच होतं तिच्या. तेविसाव्या नळीत थेंब पडले आणि बघता बघता आतलं पाणी बीट उकडल्यावर होतं तसं लालभडक, जांभळट होऊन बसलं.

"अगं बाई!" बाई ओरडलीच. "हे घर आहे की भट्टी?"

काकांनी औषधाची बाटली खाली ठेवली.

"मुलंबाळं आहेत का हो या घरात?"

"एक मुलगी आहे."

"आणि आईबापांना पत्ता नाही? डोळे फुटलेत का त्यांचे? रोज असल्या हवेत पोरीला झोपवतात म्हणजे काय!" बाईचा आवाज चढला. घरी आजारी लेक असलेल्या बाईला असल्या गोष्टींचा फार लवकर संताप येतो. "आणि डब्याने का नाही दाखवलं हे? तेवीस नंबरचा आलेख तर एकदम सपाट आहे."

"डब्याने दाखवलं होतं. झाडूने काढलं."

काकांनी संगणक तिच्याकडे वळवला. झाडू फिरायच्या आधीची, जशीच्या तशी नोंद. बाई खुर्चीच्या कडेवर टेकली. आकडे दिवसभर शहाण्यासारखे खाली चालत होते. आणि संध्याकाळी सहा वाजले की भिंत उभी राहावी तसे सरळ वर. रस्त्यावर साठ, आणि या घरात पाचशे चाळीस.

"तुम्ही म्हणालात, डबा बिघडलाय, बदला. मी बदलला. परत तेच. परत बदलला," काका म्हणाले. "तीन डबे एकाच घरात, रोज एकाच वेळी कसे बिघडतील, बाई?"

इतकी वर्षं ती दुसऱ्यांना शिकवत आली होती, आकडा आवडला नाही म्हणून पुसायचा नसतो. आणि हे तिच्याच हातचं. चोराला पकडायला जावं आणि खिशात आपलाच हात सापडावा, तशी तिची गत झाली. तरी अजून तिला वाटत होतं की चूक झाली ती कामातली. लाज वाटली, भयंकर वाटली, पण ती लाज प्रयोगशाळेपुरतीच होती.

तिने नोंद पुढे सरकवली. रोज सहा. रविवारीसुद्धा सहा.

"बारा तारखेला काहीच नाही," ती म्हणाली.

"नाही."

"नऊ तारखेला मात्र दीड तास."

"हो."

बाईचं बोट पडद्यावरच थांबलं. बारा तारखेला भिंगरी मावशीकडे राहायला गेली होती. तिथे पोरीने खिडकीत बसून दोन वेळा पोटभर जेवण केलं होतं आणि पंपाला हात लावला नव्हता. मावशीने तसं कौतुकाने फोनवर सांगितलंही होतं. आणि नऊ तारीख? नऊ तारखेला भिंगरीचे ओठ निळे पडले होते. बाईनेच घाबरून सासूबाईंना सांगितलं होतं, "अहो आई, आज वाफ जरा जास्त वेळ द्या. तिला सुटू द्या."

वाफ. सहा वाजता. वाफेसाठी पाणी, आणि पाण्यासाठी गॅसची एका चुलीची शेगडी. वय झालेल्या माणसाने उकळत्या पाण्याचं भांडं घेऊन घरभर फिरू नये म्हणून बाईनेच ती शेगडी आणून लेकीच्या खोलीत ठेवली होती, चिकटपट्टी मारलेल्या खिडकीखाली. शेगडी जळायची, तिचा वायू खोलीत कोंडायचा, पोरीचा दम आणखी चढायचा. आणि दम चढला की सगळे मिळून वाफ वाढवायचे.

"काका," बाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "तेवीस नंबर... कपाट उघडा."

"उघडायची गरज आहे का?" काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "नियम तुमचाच होता. घर सांगायचं नाही. आणि नुसत्या डब्यावर तुम्ही विश्वास ठेवला नसतात, म्हणून नळ्या टांगल्या. मागच्या खेपेला चहा घेताना मी म्हणालो होतो तुम्हाला, पोरीची खिडकी जरा उघडत जा."

म्हणाले होते. बाई हसली होती त्यावर. "काका, बाहेर फलक लाल आणि तुम्हीच असं म्हणता?" असं म्हणून तिने त्यांच्या कपात आणखी चहा ओतला होता.

डोळे फुटलेत का त्यांचे, हे आपलेच शब्द तिच्या कानात घणासारखे बसत होते. मग तिची नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली. सहाला दहा कमी होते.

तिने घरी फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. सासूबाई फोन स्वयंपाकघरात ठेवून नातीच्या खोलीत बसायच्या, दार लावून. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"मी निघते," बाई उठली. दारापर्यंत गेली आणि मागे वळली. "झाडूने आणखी किती घरांचे आकडे काढलेत?"

"अकरा."

"वही काढा. अकराही घरांना आत्ता फोन करा. फलक लाल असू दे नाहीतर काळा, शेगडी पेटली की खिडकी उघडा म्हणावं. कुणी विचारलं तर सांगा, बाई चुकली. असंच सांगा, आडपडदा ठेवू नका."

आणि ती धावली. पन्नाशीकडे झुकलेली, पायात चपला, हातात पर्स नाही. वरचा फलक लालभडक पेटला होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या घट्ट बंद होत्या. आजवर याच बंद खिडक्या बघत ती मिरवत घरी जायची. आज ती एकेका खिडकीकडे बघत पळत होती. आत कोण काय शिजवत असेल, कुणाचं लेकरू शेगडीपाशी अभ्यासाला बसलं असेल, कुणास ठाऊक. ओळखीच्या एका शेजाऱ्याने विचारलं, "काय हो बाई, सगळं ठीक ना?" ती तशीच पुढे पळाली.

जिना तिने दोन-दोन पायऱ्यांनी चढला. घरात शिरली, लेकीच्या खोलीचं दार ढकललं. खोलीत दमट ऊब कोंडलेली होती. शेगडीवर पातेलं रटरटत होतं, सासूबाई नातीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि टॉवेलखालून भिंगरीच्या श्वासाची ती ओळखीची शिट्टी येत होती.

बाईने आधी शेगडी बंद केली. मग खिडकीपाशी जाऊन चिकटपट्टीत नखं घातली. पट्टी तिनेच मारलेली, एकावर एक तीन थर. सुटता सुटेना. एक नख मुळापासून मोडलं, रक्त आलं.

"अगं, वेड लागलं का तुला?" सासूबाई दचकून उठल्या. "बाहेर लाल आहे! पोरीला मारायचंय का?"

"मारतच होते, आई," बाई म्हणाली. "इतके महिने मीच मारत होते." आणि तिला हुंदका फुटला. सासूबाई टॉवेल हातात धरून जागच्या जागी उभ्या राहिल्या.

शेवटची पट्टी निघाली. बाईने दोन्ही हातांनी खिडकी ढकलली. गार वारा भसकन आत आला, त्यात रस्त्याचा धूर होता, गाड्यांचा आवाज होता. तिने पाठीमागे वळून बघितलं.

भिंगरी पलंगावर ताठ बसली होती. गाल फुगवलेले, ओठ गच्च मिटलेले, दोन्ही हातांनी नाक दाबलेलं. डोळे भीतीने मोठे झालेले. फलक लाल असताना कुठे खिडकी उघडी दिसली तर श्वास रोखून धरायचा, हे आईनेच तिला घोकून घोकून शिकवलं होतं. पोरगी शहाण्यासारखी ते पाळत होती. आधीच दमलेलं ते चिमुकलं अंग थरथरत होतं, तरी ती नाक सोडत नव्हती.

"सोड गं राणी," बाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "घे श्वास. आई सांगते ना."

भिंगरीने मान हलवली. नाही. तिने डोळ्यांनीच खिडकीबाहेर दाखवलं. तिथे लांबवर घरांच्या डोक्यावरून फलकाचा लाल उजेड दिसत होता. आईपेक्षा तिचा आईच्या दिव्यावर जास्त विश्वास होता.

बाईने लेकीचे गार पडलेले पाय आपल्या हातांत घेतले. तोंड उघडून तिने त्या खिडकीतली हवा छाती भरेपर्यंत आत ओढली आणि सोडली. पुन्हा ओढली. रडत रडत, मोठ्ठा आवाज करत.

"बघ, मी घेतला," ती म्हणाली. "आता तू घे."

भिंगरीने आईच्या तोंडाकडे बघितलं. मग आजीकडे बघितलं. मग हळूच एक बोट नाकावरून काढलं.