तळाशी न बसलेली निळी

मी रंगात घालायची निळी पूड. दिसायला देखणी, पण स्वभावानं महाहट्टी! पाण्यात टाका, दोन मिनिटं मिरवेन आणि मग गोळे होऊन तळाशी जाऊन बसेन. पाण्याशी माझं कधी पटलंच नाही. माझं सूत जुळलेलं थिनरशी, आणि त्याचा वास म्हणजे जीवघेणा.

त्याच वासानं ताईच्या बाबांची छाती धरली. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, थिनरजवळ फिरकायचं नाही. दोन वर्षं ब्रश फडक्यात गुंडाळून पडले आणि बाबा घरात नुसत्या येरझाऱ्या घालू लागले.

ताई रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. तिनं मनाशी पक्कं केलं, हिला पाण्यात नांदवायचंच. 'ही' म्हणजे मी!

तिनं पॉलिमर आणलं. म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या लांबलचक साखळ्या. त्यांच्या कड्या तिनं बदलल्या, काही मला घट्ट धरणाऱ्या, काही पाण्यात रमणाऱ्या. काय डोकं बाई!

पण दुसऱ्या दिवशी तिनं काचेची काडी बाटलीच्या तळाला लावली, तर चिखलच वर आला. तिनं पॉलिमर वाढवलं. चिखल वाढला. पुन्हा वाढवलं. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

कारखान्यात रंग ढवळणाऱ्या मिक्सरवरचे काका बघत होते. "किती घालताय, ताई?"

"कमी नको पडायला, काका. बाबांसाठी आहे."

"अहो, पाहुण्याला आग्रह केल्यासारखं काय वाढताय? निम्मं करून बघा."

काकांचं बरोबर होतं. माझ्या अंगाला पुरून उरलेल्या साखळ्या पाण्यात मोकाट सुटून आम्हा कणांना एकमेकांवर ढकलत होत्या. ताईनं निम्मं घातलं. महिनाभर बाटली खिडकीत, रोज सकाळी काडी. काडी स्वच्छ! पोरीनं मला जिंकलं, कबूल करते.

घरी बाबांनी ताईनं आणलेला रंगाचा डबा उघडला आणि सवयीनं श्वास रोखून मान फिरवली.

"बाबा, घ्या श्वास."

त्यांनी भीत भीत घेतला. खोकला आलाच नाही. ब्रश बुडवला. दोन वर्षांनी ओढली, तरी रेघ सुतासारखी सरळ!

"काय लिहू गं?"

ताईला रडूच फुटलं. मग त्यांनी स्वतःच ठरवलं.

आता मी त्यांच्या दारावर असते. उन्हानं जराशी विटलेय, चालायचंच. तुम्ही आलात तर उगाच कडी वाजवत बसू नका. आधी मला वाचा: 'पेंटर कामावर गेले आहेत.'