एकाआड एक

महिपतराव रिसाल्यात होते तोवर त्यांचा रांगेशी संबंध आला नव्हता. दसऱ्याच्या दरबारात आपण कोणाच्या पुढे आणि कोणाच्या मागे उभं राहायचं, हे त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून ठरलेलं होतं. मग ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं, रिसाला मोडला, घोडी गेली. मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं आणि तेही आता पोरवयातच गाशा गुंडाळायच्या बेतात होतं. महिपतरावांचा मान तेवढा शिल्लक राहिला. तो ठेवायचा कुठे हे कळेना, म्हणून ते तो रेशनच्या दुकानात वापरत, पोस्टात वापरत, आणि त्या पौषात त्यांनी तो क्षयाच्या दवाखान्यात वापरला.

त्यांचा मुलगा जयसिंहराव सचिवालयात कारकून. तिशी नुकतीच उलटली होती आणि रुमालात रक्त पडू लागलं. जयेंद्रगंजातल्या घरात त्या रोगाचं नाव मोठ्याने घ्यायची चोरी होती. सून मंदाताई नवऱ्याची भांडी वेगळी घासायची आणि कुणी विचारलं तर 'सर्दी मुरलीय' म्हणून सांगायची.

दवाखान्यात डॉक्टर लक्ष्मीकांत होते, विलायतेहून शिकून आलेले. क्षयावर नवी गोळी निघाली होती आणि ती जुन्या इलाजापेक्षा खरंच बरी आहे का, हे त्यांना ताडून पाहायचं होतं. जुना इलाज म्हणजे भरपूर विश्रांती, आणि बरगड्यांमधून सुई घालून छातीत हवा भरायची, म्हणजे बिघडलेलं फुप्फुस दबून स्वस्थ पडतं. दोन्हीकडचे रोगी घरीच राहणार, आठवड्याला येऊन दाखवून जाणार. कोणाला काय द्यायचं यात डॉक्टरांची मर्जी नव्हती. येणाऱ्यांत एकाआड एक, एकाला गोळी, पुढच्याला हवा.

पहिल्या दिवशी बाकावर जयसिंहरावांच्या आधी रामकली नावाची बाई बसली होती. टोपी बाजारातल्या एका शिंप्याची बायको, कडेवर लहान मुलगी. डॉक्टरांचं दार उघडलं तशी ती उठली, आणि महिपतरावांनी काठी आडवी धरली.

"पहले हमारा नंबर लगेगा," ते म्हणाले.

रामकली मुकाट्याने मागे सरली. जयसिंहराव आत गेले. त्यांना हवा आली. त्यांच्यामागून गेलेल्या रामकलीला गोळी.

हा हिशेब महिपतरावांच्या ध्यानात यायला पुढचा आठवडा उजाडला. मग ते डॉक्टरांच्या खोलीत शिरले. मंदाताई दाराशी उभी होती.

"लक्ष्मीकांता, तुझे वडील आमच्याकडे सत्यनारायण सांगायला यायचे. एवढं अदलबदल करून टाक."

"काका, असं निवडून द्यायला लागलो तर गोळीने काम केलं की वशिल्याने, हे मला कधीच कळणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि गोळी चांगलीच आहे असं तरी कुठे ठरलंय?"

डॉक्टरांचं चूक नव्हतं. पण मंदाताईचा नवरा रात्रंदिवस खोकत होता आणि ज्याचं बरोबर आहे त्याच्याशी भांडता येत नाही याचा तिला संताप आला. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. ते काठीची मूठ पुसत होते. त्या क्षणी तिला त्यांचा जो तिटकारा आला तो पुढे कधी गेला नाही.

महिनाभरात रामकलीचं अंग भरू लागलं. जयसिंहरावांचा ताप हटेना. दर आठवड्याला रामकली आणि मंदाताई व्हरांड्यात शेजारी बसत. नवरा आत सुई टोचून घेत असे आणि मंदाताई रामकलीच्या मुलीला फुटाणे देत असे. डॉक्टरांनीही तिला सांगून ठेवलं होतं, "तुम्ही शिकलेल्या, समजूतदार. ही बाई गोळ्या वेळेवर घेते ना, जरा लक्ष ठेवा." मंदाताई म्हणूनच अधूनमधून टोपी बाजारात जाऊन यायची. शिकलेल्या आणि समजूतदार माणसावर इतका विश्वास टाकू नये, हे डॉक्टरांना विलायतेत कुणी शिकवलं नसावं.

अशीच एकदा ती रामकलीच्या खोलीत बसली होती. शिंपी दुकानात होता. बोलायचं होतं मुलीच्या खोकल्याबद्दल, आणि तोंडातून भलतंच निघालं.

"रामकली, थोड़ी गोली मुझे दोगी? उनके लिए."

निघालं ते निघालं. तिने पुढे हातसुद्धा जोडले. महाराजांच्या दरबारात पिढ्यान्‌पिढ्या उभं राहिलेल्या घरातली सून शिंप्याच्या बायकोपुढे हात जोडून बसली होती आणि तिला लाज वाटत नव्हती. फक्त ही नाही म्हणेल की काय, याची भीती वाटत होती.

रामकलीने बराच वेळ मुलीच्या केसांतून हात फिरवला.

"उस दिन बाबूजी हमको पीछे नहीं करते तो ये गोली साहब की ही थी, जीजी," ती म्हणाली. "हम उनकी चीज़ खा रहे हैं. आधी-आधी बाँट लेते हैं, आप ले जाओ. हमको तो अब आधी में भी आराम है."

अडवलेल्या बाईनेच स्वतःला ऋणी समजावं, असं हे जग. मंदाताईने तिला समजावलं नाही. अर्धी गोळी म्हणजे काय अर्धी भाकर आहे वाटून घ्यायला, असा विचार तिच्या मनात आलाच नाही असं नाही. आला, आणि तिने तो हाकलून लावला.

घरी ती गोळ्या कुटून मधात कालवायची आणि माहेरच्या वैद्यांचं चाटण म्हणून नवऱ्याला द्यायची. खरं सांगितलं असतं तर जयसिंहरावांनी बोट लावलं नसतं, आणि महिपतरावांनी घर डोक्यावर घेतलं असतं. उन्हाळा सरता सरता ताप उतरला. छातीतली हवा आणि अर्धी गोळी, दोन्ही मिळून जयसिंहरावांना मानवलं. ते जिना न थांबता चढू लागले.

आणि पावसाळ्यात रामकली पुन्हा खोकू लागली.

मंदाताईने चाटण बंद करायचं ठरवलं. दर आठवड्याला ठरवलं. मग नवऱ्याच्या गालावर आलेली तकाकी बघायची, आणि टोपी बाजारात जायची. रामकलीनेही कधी हात आखडता घेतला नाही. पुडी बांधून तयारच असायची.

तोवर राज्य मोडल्याचं पक्कं झालं होतं. नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ, सगळी खाती तिकडे जाणार. ग्वाल्हेरचे कारकून एकमेकांना विचारत होते, तुझं नाव लागलं का. ज्याला क्षय झाला होता त्याला डॉक्टरांच्या सहीशिवाय कुणी नेणार नव्हतं, आणि मागे राहिला त्याला खुर्चीच राहणार नव्हती. जयसिंहरावांचा कागद सहीसाठी डॉक्टरांच्या टेबलावर होता.

तो आणायला मंदाताई गेली तेव्हा रामकली आत बसलेली होती. डॉक्टर उजेडाकडे धरून तिच्या छातीचा फोटो बघत होते. फुप्फुसातलं भोक वाढलं होतं.

"गोली रोज़ खाई? सच बोलो."

"हाँ डाक्साब, रोज़," रामकली म्हणाली. तिने मंदाताईकडे पाहिलंसुद्धा नाही.

डॉक्टर वळले. "मंदाताई, तुम्ही जात होतात तिच्याकडे. नेमाने घेत होती?"

खरं सांगायला चार शब्द पुरले असते. ती अर्धीच गोळी घेत होती हे कळलं असतं तर डॉक्टरांनी पुढचं काही केलं असतं. गोळी पुरी केली असती, जोडीला भारी इंजेक्शनं मागवली असती. मंदाताईला हे माहीत होतं, कारण याच व्हरांड्यात बसून तिने ते दहा वेळा ऐकलं होतं. तिने टेबलावरच्या नवऱ्याच्या कागदावरल्या कोऱ्या जागेकडे पाहिलं. तिथे अजून सही व्हायची होती.

"हो, डॉक्टर. एक दिवस चुकवलं नाही तिने."

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "मग गोळीतच दम नाही," ते दमल्या आवाजात म्हणाले. "आणि जयसिंहराव बघा, नुसत्या हवेवर उभे राहिले. हेच लिहून पाठवतो भोपाळला. हिच्या गोळ्या आजपासून बंद. आता हवा भरायचीही वेळ गेली."

त्यांनी सही केली.

बाहेर आल्यावर रामकलीने भिंतीचा आधार घेतला. मंदाताई तिच्याजवळ गेली.

"अब साहब की गोली कहाँ से आएगी, जीजी?" रामकलीने विचारलं.

रामकली नवरात्रात गेली. मंदाताई टोपी बाजारापर्यंत गेली आणि शिंप्याच्या दुकानाच्या अलीकडूनच परत फिरली. घरी येऊन खूप रडली. सासऱ्यांनी विचारलं तेव्हा डोकं दुखतंय म्हणाली, आणि त्यांना सुंठ उगाळायला लावली.

भोपाळला निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या सुधाताई निरोप द्यायला आल्या. त्यांचा धाकटा श्रीपाद महिनाभर खोकत होता. थुंकी तपासून आली होती, तोच रोग निघाला होता. त्या बोलता बोलता रडू लागल्या.

"दवाखान्यात ती गोळी आता देत नाहीत. पण इंदूरला मिळते म्हणतात. आमचे हे म्हणतात मागवू या. काय करू?"

"कशाला मागवता?" जयसिंहराव ट्रंकेचा पट्टा आवळत म्हणाले. आवाज खणखणीत होता. "माझ्याकडे बघा. ना गोळी ना काही. विश्रांती घ्यायची आणि जिद्द पाहिजे. त्या बिचारीने गोळ्याच खाल्ल्या ना? काय झालं तिचं?"

"मराठ्याचं हाड आहे," महिपतराव म्हणाले.

मंदाताईच्या हातातली चादर घडी घालता घालता थांबली. सही झालेली होती. तिकिटं काढलेली होती. आता खरं बोललं तर फार तर अब्रू गेली असती.

"सुधाताई, गोळ्या मागवा," ती म्हणाली. "पुऱ्या द्या. हवी तर हवाही भरून घ्या, पण गोळ्या द्याच. फार चांगल्या आहेत त्या."

तिचा आवाज इतका चढला की जयसिंहराव बघत राहिले. सुधाताईंनी डोळे पुसले. मग त्यांनी मंदाताईचा हात हातात घेतला, भ्रमिष्ट माणसाचा घ्यावा तसा, अगदी मायेने.

"तुमचा जीव आहे हो श्रीपादवर, मला कळतं. पण मी आजच डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, टोपी बाजारातल्या बाईने एक दिवस चुकवला नाही, तरी गेली. आणि हे मंदाताईंनी स्वतः डोळ्यांनी बघितलंय. तुमच्याच शब्दावर त्यांनी तसं लिहून पाठवलंय वर."

त्यांनी हात थोपटला आणि सोडला.

"श्रीपादला हवाच भरून घेते," त्या म्हणाल्या, आणि पदर सावरून उठल्या. मंदाताईने त्यांना हळदकुंकू लावलं.