तोंड दाबलेला तासमापक

मित्रांनो, मी एक जुना तासमापक आहे. हे झालं कागदावरचं नाव. हँगरमध्ये सगळे मला मीटर म्हणतात. एका इंजिनाच्या छोट्या विमानात, वैमानिकाच्या गुडघ्यासमोर माझी जागा आहे. पाहुणी मुलं मला बघून म्हणतात, "हे घड्याळ बंद पडलंय." अरे, मी घड्याळ नाही. किती वाजले याच्याशी मला काय देणंघेणं? इंजिन किती तास चाललं, तेवढंच मी मोजतो. पन्नास तास भरले की तेल बदलायचं, शंभर भरले की इंजिन उघडून तपासायचं. ते सगळं माझ्या आकड्यांवर चालतं.

माझी उमेदीची वर्षं एका उड्डाणशाळेत गेली. तिथले वयस्कर शिक्षक प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आधी माझ्याकडे बोट दाखवायला लावत. "वारा फसवेल, ढग फसवेल, तुझे कानही फसवतील. हा फसवणार नाही," असं ते म्हणत. तेव्हा मला फार अभिमान वाटे. पुढे शाळा बंद पडली आणि आमचं विमान आताच्या मालकाने घेतलं.

या माणसाची मला पहिल्या दिवसापासून शिसारी आली. दात कोरलेल्या काडीनेच तो माझ्या काचेवर टकटक करायचा. शनिवार-रविवारी तो हौशी लोकांना गावाभोवती फिरवून आणायचा. त्यातले निम्मे ओकायचे, आणि तो मागची सीट वरवर पुसून पुढच्या गिऱ्हाइकाला बसवायचा. इतर दिवशी आम्ही शेपटीला जाहिरातीचं लांबलचक कापड बांधून उडायचो. जाहिरात केस वाढवायच्या तेलाची होती. मालकाच्या डोक्यावर मात्र औषधाला केस नव्हता.

एके दिवशी फाटकाशी एक मुलगी आली. हातात नवा कोरा परवाना होता. मोठ्या कंपन्यांना तिने अर्ज केले होते. "तास किती?" "दोनशे." एवढ्यावर फोन बंद व्हायचा. उडायला मिळाल्याशिवाय तास होत नाहीत, आणि तास असल्याशिवाय कोणी उडू देत नाही. म्हणून ती एकेक छोटा हँगर पायी पालथा घालत होती. विमानातून पिकांवर फवारणी करणाऱ्यांनी नाही म्हटलं, हवाई छत्रीने उड्या मारणाऱ्यांनी 'पुढच्या वर्षी बघू' म्हटलं. आमच्या मालकाने तिला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाला, "आधी विमान धुऊन दाखव."

तिने दीड महिना विमान धुतलं. ओकाऱ्या पुसल्या, विमानाच्या पोटाखालचं काळं तेल खरवडलं. आमचे म्हातारे मिस्त्रीकाका तिला 'कॅप्टन बादली' म्हणू लागले. तीही हसायची. आईचा फोन आला की पंखाखाली बसून बोलायची.

"मावशी विचारतेय, तुझं विमान केवढं आहे?"

"स्कूटरला पंख लावले की होईल, तेवढं. सांग तिला."

शेवटी मालकाने तिला उडायला दिलं. "पगारबिगार नाही. पण तास मिळतील. दर शनिवारी तुझ्या लॉगबुकात, त्या तासांच्या वहीत, मी स्वतः सही करीन," तो म्हणाला. गरजवंताला अक्कल नसते, मित्रांनो. ती आनंदाने तयार झाली.

त्याच आठवड्यात मालकाने, आम्ही मीटर जिच्यावर बसवलेले असतो त्या पाटीखाली हात घालून माझी तार उपटली. त्याची ती चिकट बोटं अजून आठवतात. आता इंजिन दिवसभर चाले आणि माझे आकडे जागचे हलत नसत. तेल बदलायला नको, तपासणी नको. कोणाला संशय नको म्हणून तो मधूनच एखाद्या दिवशी तार पुन्हा जोडी. मला तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता.

एकदा तिच्या लक्षात आलं. "साहेब, मीटर पुढे सरकलंच नाही."

"म्हातारं झालंय ते. अडकतं मधूनच."

तिने मान डोलावली. खरं सांगू? त्या क्षणी मला तिचीही किळस आली. तिने वाकून बघायला हवं होतं, तिने बघितलं नाही.

मग एका रविवारी एक आजोबा आपल्या नातीला घेऊन बसले. गावावर वळण घेताना इंजिन खोकलं, थरथरलं आणि अर्धमेलं झालं. नात रडू लागली. आमच्या वैमानिकेने विमान कसंबसं धावपट्टीपर्यंत आणलं. उतरल्यावर मिस्त्रीकाकांनी तेल काढलं. ते डांबरासारखं होतं आणि त्यात धातूचे कण चमकत होते.

"मीटरप्रमाणे तेल बदलायला अजून एकवीस तास बाकी आहेत गं," काका म्हणाले.

तिने लॉगबुक उघडलं. शेवटचं तेल बदलल्यापासून तिने या विमानावर सत्तर तास काढले होते. माझ्या आकड्यात फक्त एकोणतीस वाढले होते. काका वाकले आणि त्यांना लोंबणारी तार दिसली.

गंमत बघा. मालकाने माझं तोंड दाबलं, पण दर शनिवारी अंगठ्याला थुंकी लावून तिच्या वहीची पानं उलटली आणि सत्तरच्या सत्तर तासांवर स्वतःची लफ्फेदार सही ठोकली. ती वहीच त्याला उघडं पाडेल, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. ध्यानात आल्यावर तो धावत आला. चोर तो चोर, वर शिरजोर!

"ही वही हरवली म्हण. नवी आणतो. तिच्यात पाचशे तास लिहून सही देतो. कुठलीही कंपनी घेईल तुला."

तिने वही मिटून हातात धरली. मला भीती वाटली. दीड महिना ओकाऱ्या पुसलेल्या माणसाला पाचशे तास म्हणजे काय, हे मला कळत होतं.

"मागच्या सीटवर ती पोरगी होती," ती म्हणाली. "तिला मी पाचशे तासांची वैमानिक आहे असं सांगू?"

इंजिन बिघडल्याची खबर गेली होती, दुसऱ्या दिवशी तपासणी अधिकारी आले. तिने वही त्यांच्यापुढे ठेवली. विमान बंद झालं. पण अधिकाऱ्यांनी वहीवर लाल शेरा मारला: चौकशी संपेपर्यंत हे सत्तर तास धरता येणार नाहीत. खरे उडवलेले तास खोट्याच्या संगतीने बुडाले. ती रडली नाही. पंखाला टेकून तिने पुढच्या हँगरला फोन लावला. पलीकडून तोच 'तास किती?'चा प्रश्न आला असावा.

"उडवलेले सांगू की धरलेले?" तिने विचारलं. पलीकडचा काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. ती पिशवी उचलून गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांना तेलपाणी करा, पुसा, जपा, हे तर मी सांगीनच. पण काल मालकाने दुसरं विमान आणलं. आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत, तो त्याच्या पाटीखाली हात घालतोय आणि बाहेर एक नवा वैमानिक 'येस सर' म्हणत उभा आहे. मला ओरडता येत नाही. तुम्हाला येतं. कामाच्या पहिल्याच दिवशी वाका आणि तार जागेवर आहे का ते बघा.