एक शिक्का जास्त

त्सिगेरेदाला कागदांची भारी हौस. इथिओपियातलं देस्से सोडून कोलोरॅडोत येऊन तिला अकरा वर्षं झाली, पण कचेरीत जाताना शिक्क्याचा प्रत्येक कागद जवळ हवा, हा गावाकडचा धडा काही सुटला नव्हता. तिकडे वॉर्डातल्या कारकुनाचा शिक्का नसेल तर समोर उभ्या माणसालाही जिवंत धरत नाहीत. म्हणून नागरिकत्वाच्या मुलाखतीला निघताना तिने फाइलमध्ये कामावरचं ओळखपत्रही खोचलं.

"हे कुणी मागितलंय का?" टॅक्सीची किल्ली शोधता शोधता गिर्मा, तिचा नवरा, म्हणाला.

"राज्य सरकारचं आहे. बोटांचे ठसे घेतले, पोलिसांकडून चौकशी केली, मग दिलंय. चोराला देतात होय?"

"अगं, हात दाखवून अवलक्षण होईल."

"तू तुझी टॅक्सी सांभाळ."

ओळखपत्र गांजाच्या शेडमधलं होतं. या राज्यात गांजा दारूसारखाच परवान्यावर विकतात. ती तिथे कात्रीने पानं छाटायची. स्वतः बाईने आयुष्यात विडी ओढली नव्हती. नागरिकत्व हवं होतं ते एवढ्याचसाठी की नागरिक झाल्याशिवाय आईला इकडे आणता येत नाही. आईला ती एमाये म्हणायची. एमाये अठ्ठ्याहत्तर वर्षांची, देस्सेत एकटी.

मुलाखतीतले साहेब भले होते. वाचन झालं, लेखन झालं, देशाच्या इतिहासाचे सगळे प्रश्न बरोबर आले. फाइल मिटता मिटता ते म्हणाले, "आणखी काही द्यायचंय?"

तिने खुशीत ओळखपत्र पुढे केलं.

साहेबांनी ते वाचलं. "बाई, हे पिशवीतच राहिलं असतं तर... आता मी पाहिलंय."

"सरकारचं आहे, साहेब."

"राज्याचं. मी देशाचा नोकर. देशाच्या कायद्यात हा अजून गुन्हाच आहे."

"मग आमचं राज्य काय देशाबाहेर आहे?"

साहेब हसले नाहीत. अमली पदार्थांच्या धंद्यात कधी हात होता का, या प्रश्नासमोरची तिची 'नाही'ची खूण त्यांनी खोडली, 'हो'वर केली आणि शेजारी तिची सही घेतली. त्याच पगारावरचा कर देशाने दरवर्षी मुकाट घेतला होता. तेव्हा बरा कुणाला वास आला नाही!

दारापर्यंत येऊन साहेब हळूच म्हणाले, "ते काम सोडा. पाच वर्षांनी पुन्हा अर्ज करा. आणि तोवर देशाबाहेर पाऊल टाकू नका. परतताना अडवतील."

रविवारी तिने आईला फोन लावला. गिर्मा कॉफी ओतत होता.

"झालीस का गं अमेरिकेची?"

"नाही, एमाये. पाच वर्षं थांबा म्हणतात."

"का? काय केलंस?"

"काही नाही केलं गं."

 

"पाच वर्षं मी कुठली राहते, पोरी? बरं, जाऊ दे. मला नाही येता येत, तर तू ये. तुला कोण अडवतंय?"

गिर्माने कप खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं.

"येते," ती म्हणाली.

"नक्की कधी?"

"नव्या वर्षाच्या सणाला."

"मग आजच एक कोंबडा आणून पोसायला घेते," एमाये म्हणाली.