गाडीखालच्या पोकळ विटा

मित्रांनो, मी एक जुना जॅक आहे. तेलावर चालणारा, बुटका, बाटलीच्या आकाराचा. इजिप्तमधल्या तंता शहरात, कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या शौकींच्या घरी मी राहतो.

नवा होतो तेव्हा माझा लाल रंग असा चकाकत असे की कुणाचीही दृष्ट लागावी. गल्लीत कुणाचं चाक पंक्चर झालं की "शौकींचा पहिलवान आणा रे!" अशी हाक येई आणि मी मनातून फुगत असे. पण कौतुक करणाऱ्यांपैकी एकानेही माझ्या तेलाकडे पाहिलं नाही. आतलं रबर झिजलं, तेल पाझरू लागलं. गाडी उचलणं मला जमे, पण फार वेळ धरून ठेवणं जमेना.

ईद तोंडावर आली होती. शौकींच्या बायकोला, इन्शिराहबाईंना, माहेरी जायचं होतं आणि गाडीचा सायलेन्सर लोंबत होता. शौकींनी दारातच गाडी माझ्यावर चढवली आणि मागचं चाक काढलं. आता आधाराला काय लावायचं? दाराशी थोरल्या मुलाच्या, वाएलच्या, घरावर चढवायच्या नव्या मजल्यासाठी आणलेल्या पोकळ लाल विटांचा ढीग होता. आमच्याकडे मुलाचं लग्न ठरेपर्यंत असे ढीग दारोदार पडून असतात. त्यातल्याच काही विटा शौकींनी गाडीखाली रचल्या.

"अबू वाएल, अहो, त्या विटा हातातसुद्धा फुटतात!" नवऱ्याला 'वाएलचे वडील' अशी हाक मारत इन्शिराहबाई ओरडल्या.

"अगं, यांच्यावर तुझ्या सुनेचा अख्खा संसार उभा राहणार. ही खटारा गाडी ती काय जड!"

"मजला खांबांवर उभा राहतो! विटा नुसत्या मधे भरायच्या. इतकी वर्षं या घरात राहून एवढंही कळलं नाही?"

"तू चहा टाक बघू," म्हणत शौकी हसत गाडीखाली सरकले.

पुटपुटत बाईंनी ते काढलेलं चाक ओढत आणलं आणि गाडीच्या कडेखाली आडवं सारलं. मग त्या आत गेल्या.

मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती. तेल पाझरत होतं, मी खचत होतो. भार विटांवर गेला आणि त्यांचा क्षणात चुरा झाला. गाडी धाडकन खाली आली, त्या चाकावर टेकली आणि थांबली.

बाई धावत बाहेर आल्या. मग खालून बारीक आवाज आला, "इन्शिराह... चहा झाला का गं?"

त्या मटकन खाली बसल्या, रडल्या आणि रडता रडता त्यांनी नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेजाऱ्यांनी गाडी उचलून धरली. शौकी बाहेर आले, कपाळ फक्त खरचटलं होतं.

आता घरात दोन लोखंडी घोड्या आल्या आहेत. माझं रबरही बदललं. मी गाडी उचलतो, मग शौकी ती घोड्यांवर टेकवतात, हाताने हलवून पाहतात आणि मगच खाली जातात. यात मला कमीपणा वाटत नाही, उलट हायसं वाटतं.

मित्रांनो, मला पुसा, तेल पाजा, पण केवळ माझ्या भरवशावर कधीही गाडीखाली जाऊ नका. त्या दिवशी गाडी कुणाच्या छातीवर उतरते आहे, हे मला ठाऊक होतं. तरी मला थांबता आलं नाही.