माझ्या छातीतला हिरवा दिवा

मी एक जुना सरावाचा पुतळा आहे. नर्सिंग कॉलेजच्या तळमजल्यावर, खिडकीजवळच्या लोखंडी कॉटवर मी गेली सोळा वर्षं आजारी आहे. मुली मला 'काका' म्हणतात. मित्रांनो, इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेला आणि तरीही कुणी भेटायला न आलेला पेशंट तुम्हाला दुसरा सापडायचा नाही.

माझं अंग रबराचं, फासळ्या प्लॅस्टिकच्या आणि छातीत एक जाड स्प्रिंग. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, हे शिकवायला मला घडवलं. दाब बरोबर पडला की माझ्या छातीत हिरवा दिवा लागतो, चुकला की लाल. मी नवा होतो तेव्हा हिरवा दिवा लावता लावता मुलींच्या नाकी नऊ यायचे. पाहुणे आले की मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्राचार्या, त्यांना आधी माझ्याकडे आणायच्या. तेव्हा माझी चादरही रोज बदलली जायची.

मग स्प्रिंग सैलावली. हजारो हातांनी दाबल्यावर दुसरं काय होणार? तेव्हापासून जेमतेम दाबलं तरी हिरवा दिवा लागे, आणि खऱ्या माणसाला हवा तेवढा जोर लावला की 'फार झालं' म्हणून लाल. शिकवणाऱ्या बाईंनी दुरुस्तीसाठी दोनदा अर्ज केला. दोन्ही अर्ज कुठल्याशा फायलीत गडप झाले. मुली मात्र हुशार. वरच्या वर्गातल्या खालच्यांना सांगून ठेवत, "काकांना हळू दाब, हिरवा येतो."

गेल्या वर्षी इथे दोघी होत्या. एकीला सगळे 'पहिली' म्हणत, कारण शाळेपासून तिने दुसरा नंबर पाहिलाच नव्हता. दुसरी 'बडबडी'. तिला काठावरच्या गुणांवर कसाबसा प्रवेश मिळाला होता. "हिच्याने निभणार नाही," असं मोठ्या बाई माझ्यासमोरच म्हणाल्या होत्या. ही मुलगी माझी कूस बदलतानाही बोलायची. "काका, हात गार आहेत हं माझे, दचकू नका." मला दचकता येत नाही. तरी बरं वाटायचं.

पहिली वाईट नव्हती. रोज तासभर सराव करायची, पण दिव्याकडे बघत. माझ्या तोंडाकडे तिने कधी पाहिलं नाही. बडबडीने मात्र वॉर्डातल्या सिस्टरना जाऊन विचारलं, नेमका किती जोर लावायचा. त्या म्हणाल्या, "फासळी मोडली तरी चालेल, पण दाब."

प्रात्यक्षिक परीक्षेत नापास झालं तर थेट घरी, असा इथला नियम. पहिलीला पन्नासपैकी पन्नास मिळाले. मग बडबडी आली. कोपरं ताठ ठेवून, अंगाचा सगळा भार टाकून दाबू लागली. लाल दिवा लागला. मागून मैत्रीण कुजबुजली, "अगं, हळू दाब ना."

"हळू दाबलं तर माणूस जाईल," ती म्हणाली आणि तशीच दाबत राहिली.

दोन मिनिटं माझा लाल दिवा जळत होता. ती बरोबर होती, आणि तिला चूक ठरवणारा मी होतो. मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. परीक्षक बाहेरून आलेले, माझी स्प्रिंग सैल आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी दिवा पाहिला आणि शून्य लिहिलं. जाताना तिने माझ्या सदऱ्याची बटणं लावली. "येते काका," म्हणाली.

दोन महिन्यांनी एका दुपारी पहिली एकटीच आली आणि माझ्या कॉटवर बसली. रडून डोळे सुजले होते.

"वॉर्डात एका आजोबांचं हृदय बंद पडलं," ती मला सांगू लागली. "मी दाबत होते, काका. सिस्टर ओरडल्या, जोरात दाब, इथे दिवा लागणार नाही. मग त्यांनी मला ढकलून स्वतः दाबायला घेतलं. पण आजोबा गेले. डॉक्टर म्हणतात, ते तसेही वाचले नसते. खरं काय ते मला कसं कळणार?"

त्या दिवशी तिने पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

तिथून उठून ती मोठ्या बाईंकडे गेली. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई मिस्त्रीला घेऊन आल्या. पहिलीही मागोमाग आली. "बाई, तिला परत बोलवा," ती म्हणाली. "तिचं बरोबर होतं. माझेच गुण खोटे आहेत."

"एकीचा निकाल फिरवला तर सगळ्यांचा फिरवावा लागेल," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि तिचे गुण आधीपासूनच कमी होते."

बडबडी आता चपलांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायात चपला चढवते, असं मुलींच्या बोलण्यातून कानावर आलं. पहिलीचं नाव अजून निकालाच्या फलकावर सगळ्यात वर आहे. ते पुसा म्हणून ती दोनदा सांगून आली, पण कुणी पुसलं नाही. माझं मात्र सगळं ठीक झालं. हिरवा दिवा आता फुकट लागत नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणाकुणाला गुण द्याल. तेव्हा ज्या वस्तूने माणसं मोजता, ती आधी तपासून घ्या. वेळेवर तिची डागडुजी करा. मिस्त्रीला माझी स्प्रिंग बदलायला दहा मिनिटं लागली.