लाल ओढणीच्या मागं मागं

प्रेमानंद बागडे सकाळी सायकल काढून निघाले की सत्यवतीच्या मनात पाल चुकचुकायची. का चुकचुकू नये? कोराडीच्या वीज केंद्रात नोकरी होती तेव्हा या माणसाला कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही स्कूटर लागायची. आणि आता रिटायर होऊन, शुगर घेऊन घरी बसल्यावर यांना सायकलचं वेड लागावं! सक्करदऱ्याच्या पुढं लेआउटमध्ये तीन बागा आहेत, नाल्याकाठच्या रस्त्यानं एकीतून दुसरीत जाता येतं. ना चढ ना उतार, लेकरूही हसत फेरी मारेल. तेवढ्यासाठी रोज दाढी घोटून, इस्त्रीचा शर्ट घालून जाणारा नवरा कोणत्या बाईला पटेल, सांगा!

बरं, एवढंच असतं तर तिनं सोडून दिलं असतं. पण पूर्वी पेपरला कुणाला हात लावू न देणारे प्रेमानंद आता म्हणायचे, "सत्यवती, तूच वाच न. तुह्या आवाजात बरं वाटते." इतक्या वर्षांत नाही, अन् आवाज आत्ताच गोड झाला? जास्त गोड बोलणाऱ्याच्या पोटात काहीतरी असतंच, असं सत्यवतीचं मत. मग एके दिवशी ते एका पायात आपली अन् दुसऱ्या पायात भलत्याचीच चप्पल घालून आले. आता बागेत कोणी चप्पल काढतं का? चप्पल काढतात ती कोणाच्या तरी दारात!

शेजारच्या सोनिकानं तर आगीत तेलच ओतलं. "मामी, मामा त एका बाईच्या मागं मागं सायकल चालवते. लाल ओढणीवाली. ते बाई घंटी वाजवते अन् मामा वळते."

"घंटी वाजवते?"

"हो न वं मामी, दर वळणावर!"

झालं. सत्यवतीच्या पायाखालची जमीनच सरकली. लेकी सासरी गेल्या, घरात उरले दोघं. त्यातला एक घंटीच्या मागं चालला तर या वयात आपण भिंतींशी बोलायचं का? तिला राग आला होता, पण रागापेक्षा भीती मोठी होती. या बाईला तोंडावर गाठायचंच, तिनं ठरवलं.

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी प्रेमानंद अंघोळीला गेले, तशी ती मागच्या दारानं सटकली. विहारात जायची पांढरी साडी नेसली होतीच. पदर खोचला, सोनिकाची सायकल घेतली. कामठीला शाळेत ती सायकलनंच जायची. हात थोडे डगमगले, पण पाय काही विसरले नव्हते. दुसऱ्या बागेच्या फाटकाशी, कडुनिंबाखाली ती दबा धरून उभी राहिली.

प्रेमानंद आले. हळूहळू, रस्त्याच्या कडेकडेनं. तिला पाहिल्यावर गडबडतील असं तिला वाटलं होतं. हा गृहस्थ तर सरळ तिच्यापाशी येऊन थांबला, अन् वर हसला!

सत्यवतीनं बोलायला तोंड उघडलं, तोच ते म्हणाले, "आज पांढऱ्या साडीत येईन म्हटलं होतं तुम्ही, चारुशीलाबाई, म्हणून ओळखलं. लाल ओढणी नसली त मले कायचं दिसते!"

ते तिच्याकडं नाही, तिच्या कानाजवळ कुठंतरी बघत होते. हातभर अंतरावर.

"चाला, व्हा पुढं. घंटी जोरानं वाजवा बरं, काल नालीतच जात होतो. अन् एक सांगतो, विहारात सत्यवती भेटली त बोलू नका. डॉक्टर म्हणते, डोळ्याचा पडदा गेला, गेलेलं परत येत नाही. तिले समजलं त हात धरून संडासापर्यंत नेईल मले. सायकल चालवून राहिलो, तवरी तिच्यासाठी मी धडधाकट आहे न! परवा विहाराच्या पायरीवरून एका पायात दुसऱ्याची चप्पल घालून गेलो, त बिचारी दिवसभर बोलली नाही."

सत्यवती बोलली असती तर आवाजावरून ओळखलं असतं त्यांनी. तिनं सायकलवर टांग मारली अन् घंटी वाजवली. मागून त्यांची सायकल निघाली.

तिसऱ्या बागेपाशी खरी चारुशीला धापा टाकत येत होती. विहारातल्या खिरीच्या कामात तिला उशीर झाला असावा. दोघींची नजरानजर झाली. सत्यवतीनं ओठांवर बोट ठेवलं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चारुशीला मुकाट्यानं बाजूला झाली.

"आज लय हळू चालून राहिल्या तुम्ही," प्रेमानंद मागून म्हणाले. सत्यवतीनं पदरानं तोंड पुसलं अन् वळणावर घंटी वाजवली.

गल्लीच्या तोंडाशी ते घराकडं वळले, तशी ती मागच्या बाजूनं घरात शिरली. ते दारात आले तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभीच होती.

"काहून उशीर झाला? कोणासंग होते?"

"झालं सुरू तुह्यं!" प्रेमानंद खुशीत हसले. बायको भांडते आहे, म्हणजे तिला काही कळलेलं नाही.

"उद्यापासून मी येणार संग. अन् पुढं मीच राहीन. तुमचा काही भरवसा नाही."

मग ती सायकल परत करायला सोनिकाकडं गेली, अन् येताना तिच्याकडून एक लाल ओढणी मागून घेऊन आली.